जे हलतं, त्याचा फोटो

रघुनाथ नानांना माणसाकडे बघायची सवय नव्हती. ते कापडाकडे बघायचे. तुम्ही त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलात की आधी तुमचा खांदा, मग ओढणीचं टोक, मग कुठे चुरगळलंय ते, आणि वेळ उरलाच तर तोंड. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा नवऱ्या मुलाला नीट न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा ठीक आहे. शर्ट मात्र पॉलिस्टर आहे, कॉटन सांगून विकलाय त्याला."

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील अमळनेरकडून सुरतेला आले ते लूमवर उभे राहिले आणि निवृत्त होईपर्यंत उभेच राहिले. हे मी कुणी न विचारता सांगते. नाना मला नावाने हाक मारत नसत. भेस्तानच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर समोरच, आणि सकाळी मी स्कूटर बाहेर काढली की त्यांच्या ओट्यावरून आवाज यायचा, "ए बीकॉम! मार्केटले चालनी का?" रिंग रोडवरच्या ज्या साडीच्या पेढीत मी हिशेब बघते, तिथेच नाना कॅटलॉगचे फोटो काढायचे. मला ती नोकरी माझ्या डिग्रीवर लागली, त्यांच्या ओळखीवर नाही. हे मीही सगळ्यांना सांगायचे आणि नानाही सांगायचे.

साडीचा कॅटलॉग म्हणजे काय, ते सुरतेबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. व्यापारी साडी बघायला येत नाही. तो फोटो बघतो आणि तिकडून माल मागवतो. म्हणून फोटोत बाई कशीही असो, साडी बोलली पाहिजे. पांढऱ्या पडद्यापुढे मॉडेल उभी राहायची. तिच्यामागे, फोटोत येणार नाही अशा बेताने, एक माणूस पदराचं टोक धरून वाकलेला असायचा. नाना "हां" म्हणाले की तो पदर हवेत उडवायचा आणि पटकन खाली बसायचा. पदर वर जातो, उघडतो, आणि पडायच्या आधी क्षणभर वर थांबतो. त्या क्षणाला नाना बटण दाबायचे. एकदाच. आजकालची पोरं धडाधड बटण दाबत सुटतात आणि नंतर शंभरातून एक निवडतात, ते नानांना बघवत नसे. म्हणायचे, "मशिनगन चालवायची तर बॉर्डरवर जा ना. इथे काय करतोस?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "अंग आधी हलतं, कापड मागून येतं. थांबायला शिका." नवीन मॉडेलला, पदर उडवणाऱ्याला, चहावाल्याला, सगळ्यांना ते हे सांगत. चहावाल्याचा त्यात काय संबंध, ते त्यालाही कळत नसे.

आणि रंग. एकदा कॅटलॉगमध्ये साडी राणी रंगाची दिसली आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला पोचली ती गाजरी. सगळं पार्सल परत आलं. शेठने नानांना सगळ्या स्टाफसमोर उभं केलं आणि ती साडी त्यांच्या खांद्यावर टाकली. त्या दिवसापासून नाना खरं कापड हातात असल्याशिवाय फोटो पुढे देत नसत. खिडकीशी बसायचे, एका हातात साडी, दुसरा हात माऊसवर, आणि रंग जुळेपर्यंत शेठ आला तरी मान वर नाही.

असा माणूस. कामात पक्का, तोंडाने फाटका, आणि आपल्यासारखा फोटोग्राफर सुरतेत दुसरा नाही अशी खात्री असलेला. ती खात्री खोटी नव्हती.

मग शेठच्या मुलाने एके दिवशी साडी टेबलावर पसरली, मोबाइलने तिचा फोटो काढला, कॉम्प्युटरमध्ये टाकला, आणि आमचा चहा संपायच्या आत ती साडी एका देखण्या बाईच्या अंगावर होती. बाई महालाच्या पायऱ्यांवर उभी होती. ती बाई जन्मालाच आलेली नव्हती आणि महालही कुठे नव्हता.

"नानाभाई, जुओ," मुलगा म्हणाला.

नानांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा जरा खुलला. "पदर डाव्या खांद्यावर, आणि निऱ्यांचं तोंड उजवीकडे. अशी साडी जगात कुणी नेसत नाही, भाई."

मुलाने दोन शब्द टाइप केले. निऱ्यांनी तोंड फिरवलं.

"बीजुं कंई?" त्याने विचारलं. आणखी काही? त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच सुधारायचं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं असणार. नानांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात मॉडेल बंद झाली, पदर उडवणारा बंद झाला, आणि नाना बंद झाले. रिंग रोडवरच्या इतर पेढ्यांत हिंडून आले, तर तिथेही त्याच पायऱ्या आणि तीच बाई.

घरी बसलेला पुरुष आमच्या गल्लीत नवा नाही. लूम बंद पडतात, मिल बंद पडतात. पण नाना ओट्यावर कॅमेरा घेऊन बसायचे. रोज पुसायचे. त्यांची बायको, मंगलाकाकी, घरी अहिराणीतच बोलते आणि मोजकंच बोलते. तिचा भाऊ इच्छापोरला, कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. तिथे माणसं घेत होते: माल उचलायचा, टोपी घालायची, पाळीने जायचं. काकी म्हणाली, "जावानं."

"जाईन," नाना म्हणाले, "पण एकदा कॅमेरा ठेवला का मी परत उचलावू नही. सांगी ठेवस."

त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. एका संध्याकाळी मला ओट्यावर बसवून त्यांनी ते सांगितलं. आवाज असा, की मला वाटलं लॉटरी लागली. "हे बघ बीकॉम. कॉम्प्युटर बाई बनवतो, महाल बनवतो. पण मॅच बनवू शकतो का? मॅच खरी व्हायला लागते. कोण जिंकलं, कोण पडलं, ते आधी व्हायला लागतं. म्हणजे तिथे माणूस लागणार. जे हलतं, त्याचा फोटो. तिथे मला कोण काढेल?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही आयुष्यात हलणाऱ्या माणसाचा फोटो काढलाय का?"

"पदर हलत नाही का?"

एका गुजराती पेपरात क्रीडापान बघणारे जयेशभाई त्यांच्या ओळखीचे निघाले. जयेशभाईंनी साफ सांगितलं: छापण्यासारखा एक फोटो आणा, छापतो, मग तुमच्या नावाने पास काढू, मग मैदानात उतरून काढा आणि आम्ही काम देत जाऊ. पासाशिवाय मैदानात जाता येत नाही, आणि फोटो छापल्याशिवाय पास नाही. म्हणजे तो एक फोटो प्रेक्षकांत बसूनच काढायचा. मंगलाकाकीने मुदत घातली: पावसाळ्यानंतरच्या स्पर्धा संपेपर्यंत. तोवर एक फोटो छापून आला तर ठीक. नाही तर इच्छापोर.

पहिल्या क्रिकेटच्या मॅचला नाना लग्नाला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून गेले. परत आले आणि माझ्या लॅपटॉपवर फोटो बघितले, तर सगळे जाळीचे. प्रेक्षकांपुढे संरक्षक जाळी असते ना, कॅमेऱ्याने तीच पकडली. जाळीची गाठ न् गाठ लख्ख, आणि मागे खेळाडू म्हणजे धूर. पुढच्या वेळी कुणीतरी सांगितलं की लेन्स जाळीला पार चिकटवा, म्हणजे जाळी नाहीशी होते. नाना पहिल्या रांगेत जाऊन जाळीला चिकटले. मागचे ओरडले, "ओ काका, बेसी जाव ने!" नाना बसले नाहीत. एका पोराने त्यांच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकली, तरी बसले नाहीत.

या वेळी खेळाडू दिसत होते. पण बॉल कुठेच नव्हता. फलंदाजाने फटका मारून झालेला, बॅट खाली आलेली, आणि त्याचा टी-शर्ट मात्र हवेत फुगून झेंड्यासारखा उभा. गोलंदाज बॉल टाकून पुढे निघून गेलेला, आणि त्याच्या बाहीची लाट अशी सुंदर आलेली, की शेठने बघितली असती तर ऑर्डर दिली असती. प्रत्येक फोटोत कापड अचूक. प्रत्येक फोटोत जे व्हायचं ते होऊन गेलेलं.

जयेशभाईंनी ते एकेक करून बघितले आणि म्हणाले, "नानाभाई, आ तो टी-शर्टनी जाहेरात छे."

ते हसले, पेपरातले इतर हसले. नानाही हसले. मी बरोबर होते. मला हसू आलं नाही.

मग सराव सुरू झाला. मंगलाकाकीने अंगणात उभं राहून बटाटा वर फेकायचा आणि नानांनी तो हवेत टिपायचा. गल्ली गोळा व्हायची. "मी बटाटा फेकस, हाऊ माणूस फोटू काढस," काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "भाजी कव्हय व्हई?" फोटोत बटाटा नसायचा. काकीच्या पदराचा काठ मात्र असा स्वच्छ यायचा, की त्यातली जरीची तार न् तार मोजावी. मी सांगितलं, नाना, बटण दाबून धरा, दहा निघतील, त्यातला एक तरी लागेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परीक्षेत कॉपी करायला सांगितली. पण दिवस संपत होते. आठवड्याभराने मी त्यांना ओट्यावर बटण दाबून धरताना पाहिलं. क्लिक क्लिक क्लिक असा आवाज येत होता आणि ते डोळे मिटून ऐकत होते. नंतर कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही जमत ग. हे माझं वाटत नाही."

फुटबॉल झाला, व्हॉलीबॉल झाला. प्रत्येक वेळी तेच. माणूस पडून उठलेला, बॉल गेलेला, कपडा अजून येतोय. नाना बारीक होत गेले. ओट्यावर बसेनासे झाले. काकीचा भाऊ एकदा येऊन कागद भरून घेऊन गेला, आणि त्यावर सही करताना नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

राहिली ती मुलींची कबड्डी. इनडोअर स्टेडियममध्ये. तिथे पहिल्याच दिवशी एका मुलीच्या बापाने नानांची कॉलर धरली. "लड़कियों का फोटो क्यों खींचता है? कौन है तू?" नाना फोटोग्राफर आहेत हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ना पास, ना पेपर. घरी आले तेव्हा शर्टचं वरचं बटण तुटलेलं होतं. माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बीकॉम, उद्यापासून माझ्या शेजारी बसशील का? बाई शेजारी असली की लोक चोर म्हणत नाहीत."

अशी विनंती त्यांनी कधी कुणाला केली असेल असं मला वाटत नाही. मी शनिवार-रविवार बसले.

आणि शेजारी बसल्यामुळेच मला ते दिसलं, जे त्यांना दिसलं. सेमीफायनल चालू होती. कामरेजच्या संघाची एक काटकुळी मुलगी चढाईला गेली, आणि मागून एकीने तिच्या कमरेला विळखा घातला. नानांनी कॅमेरा खाली घेतला आणि माझा हात घट्ट धरला. "दखं का? कापड आधी!"

"काय?"

"विळखा पडला की जर्सी आधी गोळा होते. अंग नंतर थांबतं. इथे उलटं आहे, पोरी. इथे कापड आधी येतं!" म्हातारा रडतोय की हसतोय, मला कळेना. सगळ्या खेळांत ज्या सवयीने त्यांना मागे ठेवलं, ती या एका खेळात बरोबर वेळेवर पोचत होती.

फायनल रविवारी दुपारी होती. जयेशभाई फोनवर म्हणाले होते, "सहा वागे पहेलां मोकलो." सहाच्या आधी पाठवा, पान लवकर सुटतं. ही शेवटची स्पर्धा. सोमवारी इच्छापोरला हजर व्हायचं ठरलेलं होतं, पण फोटो छापून आला तर काकीचा भाऊ तिकडे सांगणार होता की माणूस येणार नाही.

शेवटच्या मिनिटांत ती कामरेजचीच मुलगी गेली. तिघींनी धरली. ती आडवी पडली, आणि पडता पडता हात मधल्या रेषेकडे ताणला. नानांनी एकदाच बटण दाबलं.

मी तिथेच लॅपटॉपवर तो फोटो उघडला. मुलगी जमिनीला समांतर, अजून टेकलेली नाही. कमरेशी जर्सी मुठीसारखी आवळलेली. बोटं रेषेपासून नखभर दूर. आणि चेहरा. नानांच्या फोटोत मी पहिल्यांदा चेहरा पाहिला. ओरडणारा, घामेजलेला, खरा.

"नाना, पाठवते," मी म्हटलं.

"थांब." त्यांनी चष्मा लावला. "रंग बघ. त्यांची जर्सी मरून आहे. हा वांगी आलाय. स्टेडियमच्या लाइटने मारला."

"मारू द्या ना! पेपरात कुणाला कळणार आहे?"

"ज्याची जर्सी आहे त्याला कळेल."

मी समजावलं, चिडले, हात जोडले. नाना म्हणाले, कापड बघून रंग लावतो, दहा मिनिटांचं काम. खाली गेले तर संघ निघून गेलेला. ढाल घेऊन पोरी टेंपोत बसून कामरेजला. नाना वर आले, लॅपटॉपमधून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मी त्यांचा हात धरला. ते शांतपणे म्हणाले, "चुकीच्या रंगाचं माझ्या नावावर काही जाणार नाही. एकदा गेलंय." आणि शेअर रिक्षात बसून थेट सुरतेबाहेर, कामरेजला निघाले.

मी स्टेडियमबाहेरच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसले. फोन करत राहिले, ते उचलत नव्हते. सहा वाजले. जयेशभाईंचा फोन आला, "बेन, क्यां छे फोटो?" मी म्हटलं येतोय. पुन्हा आला, मी पुन्हा म्हटलं येतोय. तिसऱ्यांदा आला नाही.

नाना परतले ते धावत. हातात घडी घातलेली मरून जर्सी, अजून घामाने ओली. टपरीच्या ट्यूबलाइटला नाक मुरडलं, पण बसले, जर्सी स्क्रीनशी धरली, आणि रंग जुळवला. खरं सांगते, जुळला. सूतभर फरक नव्हता. मग मला म्हणाले, "आता पाठव."

जयेशभाईंनी फोटो बघून स्वतः फोन केला. "बहु सरस फोटो छे, नानाभाई. पण पानुं गयुं." पान गेलं. आयोजकांपैकी कुणीतरी मोबाइलवर काढलेला एक आला होता, तो लावला.

"उद्या?" नानांनी विचारलं.

"काले तो कालनी मॅच." उद्या तर उद्याची मॅच.

सकाळी मी पेपर आणला. मोबाइलचा फोटो होता. तीन पाठी, एक पाय, कोण कुठे काही कळत नाही. आणि ते आतलं पान त्या दिवशी काळंपांढरं छापलेलं होतं. जर्सी मरून होती की वांगी, ते देवालाही सांगता आलं नसतं.

मी तो पेपर लपवणार होते. पण नानांनी आधीच घेतला होता. ओट्यावर मांडीवर पसरून बघत बसले होते.  काकीने आतून धुऊन इस्त्री केलेली जर्सी आणून त्यांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "पोरनी वस्तू शे, पोचाडी द्या." ते उठले आणि आधी कामरेजला जाऊन जर्सी परत देऊन आले. फोटो त्या मुलीला दाखवला का, मी विचारलं. म्हणाले, "ती घरी नव्हती. आईच्या हातात दिली."

सोमवार त्यातच गेला, म्हणून इच्छापोरला मंगळवारी गेले. काकीचा भाऊ पाळीत अडकलेला, म्हणून मीच स्कूटरवर सोडायला गेले.  कंपनीच्या गेटवर नाना उतरले तेव्हा मी पाहिलं, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. कशाला आणली ते त्यांनाही माहीत नसावं. घरातून निघताना खांद्यावर येऊन बसली असेल.

"कैमरा अंदर नहीं जाएगा," गार्ड म्हणाला.

"हां हां," नाना म्हणाले आणि बॅग माझ्या हातात दिली. "मंगलाकडे दे." एवढंच.

गेटच्या खिडकीत पास बनवत होते. आत एक छोटा कॅमेरा, वायरला लटकवलेला. "चाचा, इधर देखो." नाना वळले, कॉलर सरळ करायला हात वर नेला, आणि तेवढ्यात झालंसुद्धा. मशिनमधून पास बाहेर आला. गार्डने बघितला, त्यालाच वाईट वाटलं असावं. "आँख बंद आई है, चाचा. दूसरा ले लूँ? एक मिनट लगेगा."

नानांनी पास हातात घेतला. त्याच्याकडे बघितलं नाही, उलटा करून गळ्यात अडकवला.

"रहने दो, भाई," ते म्हणाले. "अंदर जाने दो."

पाळी बदलायची वेळ होती. आत जाणाऱ्यांना दारातच पिवळ्या टोप्या आणि निळी जॅकेटं देत होते. नानांनी जॅकेट चढवलं, टोपी घातली, पट्टा हनुवटीखाली नीट बसेना, तसाच सोडला आणि रांगेत शिरले. मी बॅग छातीशी धरून गेटशी उभी राहिले, वळून बघतील म्हणून. पण सगळ्या टोप्या सारख्याच होत्या, सगळ्यांच्या पाठीवर तेच निळं कापड होतं, आणि थोड्या वेळाने त्यातले नाना कोणते, ते मला सांगता येईना.